जोहराची चाळीस पानं

दोन हजार एक सालच्या जून महिन्यात लातूरच्या बसस्थानकावर पाय ठेवायला जागा नव्हती. दहावीचा निकाल लागला होता, आणि कुठकुठल्या जिल्ह्यांतले आईबाप आपापली पोरं, वळकट्या, पत्र्याच्या पेट्या आणि टेबलफॅन घेऊन लातुरात उतरत होते. उतरल्याबरोबर सगळे चौकशीच्या खिडकीकडे वळायचे. गाडीची चौकशी करायला नाही, क्लासची करायला. "मॅडम, केमिस्ट्रीला कुठले सर चांगले?" "मुलींचं वसतिगृह इथून किती लांब?" "पोराला डॉक्टर करायचंय, पण गणितात मन लागत नाही, काय करावं?"

खिडकीत जोहरा बसलेली असायची. छत्तीस वर्षांची, चष्मा लावणारी, आणि आवाज असा की फलाटावर झोपलेला माणूससुद्धा आपली गाडी लागली म्हणून उठून बसावा. तिच्याकडे प्रत्येकाला द्यायला काहीतरी उत्तर असे. ज्याचं नसे त्याला ती निदान योग्य रिक्षात बसवून देई. बारा ते आठ अशी तिची ड्यूटी. सकाळी साडेसात ते साडेदहा मात्र ती लॉ कॉलेजात असायची, शेवटच्या वर्षाला.

वकिलीचं हे खूळ तिच्या डोक्यात भूकंपाने घातलं. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात ती त्याच स्थानकात नवीन कारकून होती. पहिले काही दिवस लोक फक्त गावाकडे जाणारी गाडी विचारत होते. महिन्याभराने त्यांचे प्रश्न बदलले. घर पडलं, त्यातच कागद गेले, आता मी त्याच घरचा हे कसं दाखवू? नवरा गेला, जमीन सासऱ्याच्या नावावर, सासराही गेला, मग अर्ज कुणी करायचा? जोहरा म्हणायची, "तहसीलला विचारा." दिवसातून चाळीस-पन्नास वेळा म्हणायची. म्हणता म्हणता तिला स्वतःच्याच त्या वाक्याची लाज वाटायला लागली. मग राहिलेलं बी.ए. तिने बाहेरून पूर्ण केलं आणि वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी कायद्याला नाव घातलं. घरात तिचा नवरा करीम एवढंच म्हणाला, "सकाळचा चहा मी करीन. पण तो कसा झाला, ते बोलायचं नाही."

वार्षिक परीक्षा मे महिन्यात झाली होती. आता उरला होता एक चाळीस पानी अहवाल, त्याच्यासाठीच ती अजून सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात जायची. जुलैअखेर द्यायचा आणि त्यावर ऑगस्टमध्ये नांदेडला तोंडी परीक्षा. विषय जोहराने स्वतःच निवडला होता, 'भूकंपानंतर कागदपत्रांअभावी वारसांना आलेल्या अडचणी'. मार्गदर्शक होते किशनराव सर, दिवाणी कोर्टात तीस वर्षं घासलेले, मोजकं बोलणारे वकील. विषय ऐकून ते म्हणाले, "तुम्हाला सोपा जाईल."

तिथेच घोडं अडलं. जोहरा कागद घेऊन बसे आणि लिही, 'सदर अहवालामध्ये प्रस्तुत अभ्यासकाने'. पुढे काही सुचत नसे. ते खोडून ती लिही, 'प्रस्तुत अहवालामध्ये सदर अभ्यासकाने'. जूनच्या मध्यापर्यंत अशा अकरा सुरुवाती झाल्या आणि एकही दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचली नाही. पुस्तकांतून टिपणं काढली होती, आठ वर्षांत ऐकलेली माणसं डोक्यात होती, पण पेन कागदाला लागलं की सगळं चिडीचूप. जणू कुणी मोठा साहेब खांद्यावरून वाकून बघतोय आणि तिने तोंड उघडलं की हसणार आहे.

करीमचं बाइंडिंगचं दुकान क्लासेसच्या रस्त्यावर होतं. क्लासवाल्यांच्या नोट्स बांधून बांधून त्या हंगामात त्याच्या बोटांना खळीचा वास कायमचा चिकटला होता. बायकोची घालमेल त्याला बघवेना. एका दुपारी त्याने चांगल्या कोऱ्या कागदाची चाळीस पानं घेतली, त्यांना मरून रंगाचं कापडी कव्हर चढवलं, वर सोनेरी अक्षरांत अहवालाचं नाव, खाली 'जोहरा करीम' असं छापलं, आणि डबा पोचवायला आला तेव्हा ते खिडकीतून आत सरकवलं.

"बघ, पुस्तक तर तयार झालं. आता नुसतं आत लिहायचं राहिलं."

जोहराने ते उघडलं. चाळीस पांढरी पानं तिने एकेक करून उलटली. कच्च्या कागदावर निदान खोडता येत होतं. या सोनेरी जिल्दीत खोडाखोड कशी करायची? तिने ते घरी नेऊन कपाटात साड्यांखाली ठेवलं. चार दिवसांनी ते अलीझाच्या, म्हणजे त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती लागलं, आणि तिने त्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मेंदीच्या नक्षी काढल्या.

करीमने कपाळाला हात लावला. जोहराला मात्र राग आला नाही, हेवा वाटला. "बघता बघता चाळीस पानं भरली कार्टीने," ती म्हणाली, "आणि एकही खोडलं नाही."

ताण आता दुसरीकडून फुटायला लागला. दाढा इतक्या आवळलेल्या असत की जेवताना दुखत. भाजीत दोनदा मीठ पडे, नाहीतर अजिबात पडत नसे. आणि मग जूनच्या शेवटच्या सोमवारी, भर गर्दीच्या वेळी, तिने माईक हातात घेतला आणि आपल्या खणखणीत आवाजात सांगितलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. लातूरहून अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला जाणारी गाडी कलम क्रमांक चारवर लागलेली आहे."

फलाटावरची डोकी खिडकीकडे वळली. जोहराला चूक कळली आणि ती सुधारायला तिने घाईने पुन्हा माईक उचलला. "क्षमस्व. पोटकलम क्रमांक चारवर."

पुढची पाच मिनिटं कुणाच्या कामात राम राहिला नाही. हमाल हसले, कंडक्टर हसले, पेपरवाला म्हणाला, "मॅडम, जामीन मिळंल का त्या गाडीला?" नांदेडच्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून दोन्ही हात पुढे करून उभा राहिला, बेड्या घाला म्हणून. जोहराही हसली, पण हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही हसण्याचं नव्हतं.

आगार व्यवस्थापक सिद्धलिंग साहेबांनी तिला आत बोलावलं. ती मनात खुलासा जुळवत उभी राहिली. साहेबांनी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

"जोहराबाई, शेवटची रजा कधी घेतली होती?"

"परीक्षेला घेतली होती, साहेब."

"ती रजा नव्हे. तीन दिवस घरी बसा. किंवा कुठं तरी जाऊन या. आणि जाताना गाडी कोणत्या कलमावर लागते ते मला विचारून जा."

ती नांदेडला, इतवाऱ्यात राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे गेली. रुखसार घरात मुलींना शिवणकाम शिकवायची आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर तिच्याकडे उपाय असायचा. तिने आपाच्या डोक्यात अर्धी वाटी बदामाचं तेल जिरवलं, सकाळी गोदावरीच्या घाटावर चालायला नेलं, दुपारी खिमा-पराठे खाऊ घातले, आणि पुस्तकांची पिशवी शिलाई मशीनच्या मागे दडवून ठेवली.

"आपा, एवढी माणसं वकील झाली. त्यातल्या किती जणांना नीट लिहिता येत असेल?"

"मला येतं, रुखसार. म्हणून तर त्रास होऊन राहिला. येत नसतं तर केव्हाच लिहून टाकलं असतं."

रुखसारने आणखी थोडं तेल ओतलं.

तीन दिवसांनी जोहरा परत निघाली. डोकं हलकं झालं होतं, वहीत मात्र बारावी सुरुवात होती आणि तीही खोडलेली. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या सीटवर एक बाई येऊन बसली. काठापदराची सुती साडी, मांडीवर पिशवी, पिशवीत उभे खोचलेले प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले कागद. मागच्या सीटवर तिची मुलगी, पायाशी पेटी. बाईने बूड टेकल्याबरोबर जोहराच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं.

"वकील हाव का तुमी?"

"न्हाई. लातूरच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत असते, वकिली शिकून राहिले."

"मंग अर्ध्या तर असालच," बाई म्हणाली आणि कागद बाहेर काढले.

तिचं नाव सिंधू. सासर निलंग्याकडचं, घरची दहा एकर जमीन, माहेर अहमदपूरचं. मुलगी सुकन्या हुशार, लातूरला क्लास लावला होता. पुढे कॉलेजला, नोकरीला उपयोगी पडेल म्हणून तिचं भूकंपग्रस्ताचं प्रमाणपत्र काढायचं होतं आणि ते अडून बसलं होतं. भूकंपानंतर मिळालेलं नवं घर सिंधूच्या सासऱ्याच्या नावावर. घराच्या कागदावर त्यांचं नाव हणमंतराव. जमिनीच्या उताऱ्यावर हणमंता. सासरे वारून तीन वर्षं झालेली.

"कचेरीत म्हणतेत, ही दोन माणसं हायेत," सिंधू म्हणाली. "म्या म्हनलं, सायेब, एकाच माणसाला जेवाया वाढून माझा जीव मेटाकुटीला आलता, दोन कुठनं आणू?"

जोहराने कागद पाहिले. असलं प्रकरण तिने टिपणांत वाचलं होतं. ती चष्मा सावरून म्हणाली, "तुम्हाला सक्षम अधिकाऱ्यासमोर, उभय नामनिर्देश एकाच व्यक्तीचे असल्याबाबतचे प्रतिज्ञापत्र सादर करून, तदनंतर वारस नोंदीच्या अनुषंगाने..."

सिंधू तिच्याकडे बघत राहिली. पाटी नसलेल्या गाडीकडे माणूस बघतो तशी.

"आता हेच मराठीत सांगा," ती म्हणाली.

पुढच्या सीटवरचा एक पागोटेवाला म्हातारा खुदकन हसला. जोहराला शरमल्यासारखं झालं. तिने पुस्तक मिटून पिशवीत टाकलं.

"असं बघा, सिंधूबाई. कचेरीला तुमचे सासरे माहीत न्हाईत. त्यांना फक्त कागद माहीत. दोन कागद, दोन नावं. तर तुम्ही तिसरा कागद करायचा. त्यात शपथेवर सांगायचं की हणमंतराव आणि हणमंता हे एकच."

"म्या सांगितलं आन त्यांनी ऐकलं? एवढं सोपं?"

"तुमच्या एकटीचं न्हाई. गावातली दोन माणसं लागतील, सासऱ्यांना ओळखणारी. आणि ग्रामपंचायतीचं पत्र."

"दोनच का?"

दोनच का, हे जोहराला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिने विचार करून सांगितलं. सिंधूने पुढचा 'का' विचारला. सासऱ्यांच्या जागी आता घर कुणाच्या नावावर? वारस म्हणजे माझा मालक एकटा, की नणंदाबी? नणंदेनं सही न्हाई दिली तर? प्रत्येक उत्तरावर सिंधू मान हलवायची नाहीतर नाक मुरडायची. नाक मुरडलं की जोहरा तेच आणखी सोपं करून सांगायची. पुढचा म्हातारा आता सरळ मागे वळून बसला होता आणि मधूनमधून "बराबर हाय" म्हणत होता.

"हे समदं लिहून द्या," शेवटी सिंधू म्हणाली. "म्या इसरते. आन कचेरीत गेलं की आपल्याला नीट बोलताबी येत न्हाई."

जोहराने वही उघडली आणि मधली पानं फाडली. गाडी खड्ड्यांतून उड्या मारत होती, अक्षर वाकडंतिकडं होत होतं, पण पेन थांबत नव्हतं. आधी काय करायचं, मग काय, का करायचं, कुणी नाही म्हटलं तर काय म्हणायचं. चाकूर गेलं ते तिला कळलंही नाही. सहा पानं झाली. सिंधूने ती मागे सुकन्याकडे दिली आणि मोठ्याने वाचायला लावली. दोन ठिकाणी सिंधूला कळलं नाही, तिथे जोहराने परत लिहून दिलं. म्हाताऱ्याने आपल्या भावकीतली एक भानगड सांगितली, तिच्यासाठी आणखी अर्धं पान वाढलं.

लातूरला उतरल्यावर सिंधूने पानांची घडी घातली, पिशवीत ठेवली, "येते ताई, लई उपकार झाले" म्हणाली आणि लेकीची पेटी उचलून गर्दीत दिसेनाशी झाली. जोहरा आपल्याच स्थानकात पाहुण्यासारखी उभी. दोन-चार पावलं टाकल्यावर तिच्या ध्यानात आलं की इतक्या दिवसांत आपण एवढंच लिहिलं होतं, आणि ते सगळं आत्ता एका बाईच्या पिशवीतून निघून गेलं.

ती फाटकापर्यंत धावली. सिंधू कुठल्या रिक्षात बसली कुणास ठाऊक.

मग ती परत आली, फलाटावरच्या बाकड्यावर बसली, आणि आठवेल तसं पुन्हा लिहायला लागली. संध्याकाळचं ऊन तिरपं होऊन पायांवर आलं होतं. सिंधूचे प्रश्न एकामागून एक आठवत होते, तिचं नाक मुरडणंसुद्धा. या वेळी आठ पानं झाली, कारण नणंदेचा मुद्दा आता तिला नीट कळला होता. एक कंडक्टर जाताना म्हणाला, "मॅडम, रजेवर हाव ना तुम्ही?" तिने मान वर न करता हो म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून, करीमचा चहा समोर ठेवून तासभर लिहू लागली. बसायची तेव्हा अहवाल लिहायचाय असं मनात आणत नसे. त्र्याण्णव साली खिडकीशी आलेल्या कुणा एकाला समोर बसवायची. लहान दिराला सांभाळणारी भावजय. सगळं कुटुंब गमावलेला, आणि स्वतःच्याच नावाचा पुरावा नसलेला मुरुडचा एक गवंडी. त्यांनी तेव्हा काय विचारलं होतं ते आधी लिही, मग आपण काय सांगायला हवं होतं ते. कधी लिहिताना पदराने चष्मा पुसावा लागे, कधी एखाद्याची बोलण्याची लकब आठवून हसू फुटे. काही दिवस चारच ओळी होत. त्या दिवशी ती चार ओळींवर उठे आणि कॉलेजला जाई. दाढा दुखायच्या कधी थांबल्या, हेही तिला कळलं नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पानं मोजली तर चौतीस भरली.

किशनराव सरांनी ती दोन दिवस ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"यात 'सदर' हा शब्द एकदाही नाही," ते म्हणाले.

"घालू का, सर?"

सरांनी पहिलं पान पुन्हा उघडलं. "तीस वर्षांत माझा एकही अशील मला म्हणाला नाही की साहेब, तुम्ही लिहिलेलं मला कळलं. हे त्यांना कळेल. पण परीक्षक अशील नसतो. शेवटचं प्रकरण रीतसर लिहा. कलमं, निवाडे, तळटिपा, सगळं."

ते प्रकरण लिहिताना जोहराची पुन्हा दमछाक झाली. सहा पानांना नऊ दिवस लागले आणि त्यांत 'सदर' एकवीस वेळा आला. पण लिहून झालं. चाळीस पानं भरली, करीमने या वेळी भरलेली पानं बांधली आणि अलीझाला त्या कपाटाच्या आसपास फिरकू दिलं नाही.

नांदेडच्या तोंडी परीक्षेला दोन परीक्षक होते. एक शेवटच्या प्रकरणावरच विचारत राहिले, त्यांना ते आवडलेलं दिसलं. दुसऱ्या परीक्षक बाई वयस्कर, बारीक फ्रेमचा चष्मा लावलेल्या. त्यांनी पहिलं प्रकरण उघडलं.

"हे तुम्ही कुणासाठी लिहिलंत?"

जोहराला खरं तर न्यायव्यवस्था, संशोधन असं काहीतरी म्हणायचं होतं. "सिंधूबाईंसाठी," ती म्हणाली, आणि मग गाडीतली सगळी हकीकत सांगितली. हणमंता आणि हणमंतराव ऐकून पहिल्या परीक्षकांनाही हसू आवरलं नाही.

"त्यांचं नाव संदर्भसूचीत नाही," बाई म्हणाल्या.

"संदर्भसूचीत पुस्तकं घालायची असतात ना, मॅडम?"

"तोंडी माहिती देणाऱ्यांचीही नावं घालतात. आत्ता हातानेच लिहा. आडनाव माहीत आहे?"

आडनाव जोहराने विचारलंच नव्हतं. तिने लिहिलं, 'सिंधूबाई, अहमदपूर ते लातूर प्रवासात'. परीक्षक बाईंनी ते वाचलं आणि अहवाल मिटला.

निकाल नोव्हेंबरात लागला. अहवालाला पन्नासपैकी एकेचाळीस गुण होते, वर्गात सगळ्यांत जास्त. कंपनी कायद्यात मात्र छत्तीस, आणि पास व्हायला चाळीस लागतात. जोहरा गुणपत्रिका घेऊन दुकानात गेली तेव्हा करीम पेढ्यांचा पुडा सोडून बसला होता.

"नापास झालेय मी."

"एका विषयात," करीम म्हणाला. "बाकीच्यांचे खाऊ. त्याचा एक पेढा बाजूला काढून ठेवतो."

दिवाळीच्या सुट्टीला घरी निघालेली सुकन्या त्याच आठवड्यात चौकशीच्या खिडकीशी आली. जोहराने आधी तिला ओळखलं नाही. "आईने सांगायला लावलंय," ती म्हणाली. "प्रमाणपत्र मिळालं. कचेरीतल्या साहेबांनी तुमची पानं वाचली आणि झेरॉक्स काढून ठेवली. आता कुणी असलं काम घेऊन आलं की तेच देतात वाचायला."

"आणि नणंदेची सही? दिली तिने?"

"आत्याने लगेच दिली. आईच उगाच घाबरली होती." मग तिने आवाज खाली आणला. "मॅडम, तुमचं आडनाव काय? आई दर वेळी विचारते, आणि मला सांगता येत नाही."

जोहराने सांगितलं. मग पेन हातात घेऊन तिने त्यांचंही विचारलं.

कंपनी कायद्याचा पेपर तिने हिवाळ्यात परत दिला आणि बेचाळीस गुणांवर सोडवला. बाजूला काढलेला पेढा तोवर दगड झाला होता. करीमने तो चहात बुडवून खाल्ला, आणि चहा कसा झालाय ते कुणी बोललं नाही.